इलेक्ट्रिकलमधे पीएचडीचं प्रेझेंटेशन द्यायचंय? कोण पात्र, कागदपत्रं कोणती आणि फाईल कुठून कुठं जाते

गावाकडचा एक पोट्टा परवा फोनवर विचारत होता, दादा, गाईड म्हणते सेमिनार द्या, मंग त्याच्यासाठी वेगळा फॉर्म भरा लागते का? त्याले वाटलं हे कॉलेजच्या गॅदरिंगसारखं आहे, नाव दिलं की झालं. तसं नाही बावा. एमटेकचा सेमिनार डिपार्टमेंटच्या टाइमटेबलमधेच राहते, त्याचे मार्क असतात, गाईडची सही घेतली की बरंचसं काम झालं. पण पीएचडीत प्रत्येक प्रेझेंटेशन ही नियमातली पायरी आहे, एक चुकली की पुढची फाईल हलत नाही.

सगळं चालते यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमांवर. त्यात आरएसी म्हणजे रिसर्च अॅडव्हायझरी कमिटी सांगितली आहे, तुमचा गाईडच तिचा कन्व्हेनर. तिच्यापुढं आधी विषय मांडायचा, मंग दर सेमिस्टरला काय काम झालं ते उभं राहून सांगायचं, शेवटी थीसिस द्यायच्या आधी एक प्री-सबमिशन प्रेझेंटेशन आणि सगळ्यात शेवटी परीक्षकांपुढं व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. आपल्या विद्यापीठांत विषय आरआरसी म्हणजे रिसर्च अँड रेकग्निशन कमिटीपुढं पण जाते, त्याची तारीख वेगळी, म्हणून रिसर्च सेलच्या नोटीसवर नजर ठेवा, फोन करून कोणी सांगत नाही.

पात्रता आधी ॲडमिशनची. एमटेकला ५५ टक्के पाहिजे, एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सूट. बीईवरून थेट जायचं तर चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के लागतात, तिथंही ती सूट आहेच. प्रेझेंटेशनची पात्रता म्हणाल तर रजिस्ट्रेशन चालू पाहिजे आणि फी भरलेली पाहिजे. प्री-सबमिशनला मात्र कोर्सवर्क पूर्ण लागते, कमीत कमी १२ क्रेडिट, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा पेपर धरून, आणि ५५ टक्क्यांच्या खाली गेलं तर थीसिसच देता येत नाही. हा एथिक्सचा पेपर काही जण सोपा समजून सोडून देतात आन् चौथ्या वर्षी बोंबलत बसतात.

आता नोकरीवाल्यांचं. पॉलिटेक्निकला शिकवणारे, महावितरणात असणारे, हे पार्टटाइम करू शकतात, पण साहेबाची एनओसी पाहिजे आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या पाहिजे: पार्टटाइम शिकायची परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी सोडू. नुसतं "हरकत नाही" लिहिलेलं पत्र परत येते. माझं आलं होतं, दोनदा, आणि दोन्ही वेळेस एसटीनं जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडला.

सहामाही प्रेझेंटेशनला कागदं कमी लागतात: रजिस्ट्रेशनचं पत्र, फीची पावती, मागच्या आरएसीचा रिपोर्ट, आणि या सहा महिन्यांचा प्रोग्रेस रिपोर्ट गाईडच्या सहीसकट. फाईल गाईडकडून एचओडीकडं, तिथून रिसर्च सेलला. मागच्या आरएसीनं ज्या सुधारणा सांगितल्या त्या केल्या की नाही, हे रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहा, कमिटीवाले आधी तेच पाहतात. आणि आरएसीले काम पटलं नाही तर ती कारणं लिहून सुधारणा सांगते, तरीही जमलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द करायची शिफारस करू शकते, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

प्री-सबमिशनची फाईल जाड राहते. कोर्सवर्कची मार्कशीट, सगळे आरएसी रिपोर्ट, थीसिसचा ड्राफ्ट, गाईडचं सर्टिफिकेट, छापून आलेल्या पेपरच्या कॉप्या. पेपर छापणं २०१६ च्या नियमात सक्तीचं होतं, २०२२ मधे ती अट यूजीसीनं काढली, पण विद्यापीठ आपली अट ठेवू शकते, म्हणून स्वतःच्या विद्यापीठाचा ऑर्डिनन्स, म्हणजे पीएचडीची नियमावली, वाचा, सिनियरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

मंग प्लेजरिझम रिपोर्ट, म्हणजे थीसिसमधलं किती लिखाण दुसऱ्याच्या लिखाणाशी जुळते त्याचा हिशोब. याच्यात पोट्टे उगाच घाबरतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानं १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, १० ते ४० आलं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या लागते, ४० ते ६० म्हणजे एक वर्ष थीसिस देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच जाते. पण संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार आणि स्टँडर्ड समीकरणं त्यात मोजत नाहीत. म्हणजे मोटर ड्राइव्हवर काम करणाऱ्यानं पार्क ट्रान्सफॉर्मेशनचं ठरलेलं समीकरण लिहिलं तर ती चोरी नाही, ते सगळेच लिहितात. मोजते ते आजूबाजूचं वर्णन, जे आपण कोणाच्या तरी पेपरातून उचललेलं राहते. सॉफ्टवेअरमधे ते भाग वगळून मग रिपोर्ट काढा, नाहीतर २५ टक्के पाहून रात्रभर झोप नाही.

प्री-सबमिशन प्रेझेंटेशन इतर शिक्षक आणि स्कॉलर्सना खुलं असते, आणि इलेक्ट्रिकलवाले प्रश्न फार टोकाचे विचारतात. शेतीच्या ११ केव्हीच्या फीडरचं हार्मोनिक्स, म्हणजे वेव्हफॉर्ममधला बिघाड, दाखवताय तर आयट्रिपलई ५१९ या स्टँडर्डमधे व्होल्टेजच्या टीएचडीची, म्हणजे त्या एकूण बिघाडाच्या टक्केवारीची, मर्यादा ५ टक्के आहे, डीपीच्या खालच्या लो टेन्शन बाजूला ८, हे पाठ पाहिजे. नुसत्या मॅटलॅब सॉफ्टवेअरच्या वेव्हफॉर्मवर कोणी समाधानी होत नाही, फीडरवरचं खरं रीडिंग कुठाय हे विचारतातच, आणि खरं सांगतो, तिथं खेड्यातल्या पोट्ट्याचा फायदा आहे, कारण संध्याकाळी मोटारा चालू झाल्यावर व्होल्टेज कसं पडते आणि डीपी काहून जळते हे त्यानं वावरात उभं राहून पाहिलेलं राहते. इंग्रजी अडखळलं तरी चालते, आकडा अडखळला की अवघड होते. एक माझ्याकडून घ्या: सिम्युलेशन लाइव्ह चालवू नका, आधीच रिझल्ट सेव्ह करून फोटो स्लाइडमधे टाका आणि पेनड्राइव्ह दोन ठेवा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यात कोर्सवर्क धरलेलं. पुढं दोन वर्षं वाढतात, त्यासाठी री-रजिस्ट्रेशनचा अर्ज आधीच टाका. बायांना आणि ४० टक्क्यांच्या वर दिव्यांग असणाऱ्यांना त्याच्यावर आणखी दोन, आणि बायांना प्रसूती व मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, हे कोणी आपणहून सांगत नाही, अर्जात लिहून मागा लागते.

थीसिस दिल्यावर विद्यापीठाबाहेरचे कमीत कमी दोन परीक्षक तपासतात, त्यांचे रिपोर्ट चांगले आले की व्हायवा, तो ऑनलाइनही होऊ शकते. मंजुरी मिळाली की सॉफ्ट कॉपी इनफ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडं जाते. नोकरीसाठी घाई असली तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मागा, पदवीदान समारंभाची वाट पाहा लागत नाही.