भाड्याच्या पुस्तकांवर उभा राहिलेला पेशा : मराठी रहस्यकथाकार आणि सांगली-सातारा

सांगली-साताऱ्याकडे राहून रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला ‘बाकी काय करता?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यात कुचेष्टा नसते. या लेखनावर घर चालवणारी माणसे मराठीत मोजकीच झाली, आणि ज्या व्यवस्थेच्या आधारावर त्यांनी ते चालवले, ती व्यवस्था आता जवळजवळ मोडली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकांचा आधार घेऊन भुयारे, वेषांतरे आणि कारस्थाने यांनी भरलेल्या कादंबऱ्या लिहिल्या आणि मराठी वाचकाला उत्कंठेची गोडी लावली. या गोडीचा धंदा झाला तो मात्र पुढे, बाबुराव अर्नाळकरांच्या काळात. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू असे नायक घेऊन त्यांनी हजारावर पुस्तके लिहिली. पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईकांची संख्याही तशीच हजाराच्या वर गेली. समीक्षकांनी या आकड्यांची थट्टा केली, पण हे आकडे एवढे का फुगले, याची चौकशी फारशी झाली नाही.

त्याचे उत्तर भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत सापडते. सांगलीच्या गावभागातल्या ज्या दुकानातून आमच्या घरी पुस्तके येत, तिथे प्रत्येक पुस्तकाला खाकी पुठ्ठा घातलेला असे आणि शेवटच्या पानाला तारखांचा कागद डकवलेला असे. तो भरला की त्यावरच दुसरा डकवला जाई. रहस्यकथांत असे तीन-चार थर साचून पान पुठ्ठ्यासारखे कडक होत असे, तर थोर पुरुषांच्या चरित्रांत पहिलाच कागद अर्धा कोरा राहत असे. ‘ते बाहेर आहे’ हे दुकानदाराचे ठरलेले उत्तर असायचे, आणि कोणत्या लेखकाचे पुस्तक सतत बाहेर असते हे त्याच्याकडून पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याला आपोआप कळत असे. एक प्रत शंभर जणांनी वाचली तरी लेखकाला त्यातून जास्तीची दमडी मिळत नसे. प्रकाशक बहुधा हस्तलिखितामागे ठोक रक्कम देत, आणि वाचनालयाला जुन्याची दुसरी आवृत्ती नव्हे तर दर महिन्याला नवे नाव हवे असे. त्यामुळे लेखकाची कमाई जुन्या पुस्तकाच्या खपावर नव्हे, पुढच्या पुस्तकावर अवलंबून राहिली. महिन्याला दोन-तीन कथानके उभी करणे ही हौस नव्हती, तो रोजगार होता.

असा पेशा करायला पुण्या-मुंबईतच राहावे लागते, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी मानावी लागेल. ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये, ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये सुरू झाले, ते औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीतून, म्हणजे नांगराच्या कारखान्याभोवती वसलेल्या वस्तीतून. तिथून मासिके महाराष्ट्रभर जात होती. अंतर हा अडसर नव्हताच. रहस्यकथा छापणारा आणि तिच्यात पैसा घालणारा प्रकाशक या भागात नव्हता, एवढेच.

या परिस्थितीचा परिणाम कथानकांवरही झाला. खून मुंबईच्या फ्लॅटमध्ये होई, पाठलाग गोदीत होई आणि नायक क्लबात बसे. आमचा जिल्हा गिऱ्हाईक राहिला, घटनास्थळ झाला नाही. ज्या जुन्या सातारा जिल्ह्यात पत्री सरकारच्या भूमिगतांनी जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली, निरोप, आसरे आणि खबरे यांच्या गोष्टी ज्या जिल्ह्यात घरोघर सांगितल्या जात, तिथल्या वाचकाला थरारासाठी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर जावे लागावे, ही गंमतच म्हटली पाहिजे. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहून वारणाकाठच्या साहसाला कादंबरीत आणले. तो मार्ग रहस्यकथेने उचलला नाही.

कोल्हापूरचे बाबा कदम यांचा दाखला इकडच्या लेखकांना अधिक जवळचा वाटतो. त्यांचा पेशा सरकारी वकिलाचा. कोर्ट, पोलीस आणि साक्षीपुरावे हे त्यांच्या रोजच्या कामातले होते, आणि नोकरी ही त्यांच्या लेखनाची अडचण न होता खाण ठरली. सुहास शिरवळकरांनी वेगळी वाट धरली : फिरोज इराणी, दारा बुलंद यांच्या मालिकांवर नाव कमावून ते ‘दुनियादारी’सारख्या कादंबऱ्यांकडे वळले. रहस्यकथाकार म्हणून कीर्ती मिळते, प्रतिष्ठा मिळत नाही, हे त्यांच्या काळातही लेखकांना ठाऊक होते.

दूरदर्शन, मग केबल आणि शेवटी मोबाइल आल्यावर भाड्याची वाचनालये एकेक करून बंद पडली. सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या कायद्यानुसार मिळणाऱ्या अनुदानावर टिकली, पण त्यांची खरेदी वेगळ्या निकषांवर चालते. त्यात ऑगस्ट २०१९ च्या महापुराने सांगलीत पुस्तकांचाही बळी घेतला.

आता लिहिणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून वर्षा-दोन वर्षांत एखादे पुस्तक पुरे करतात, आणि माझ्या मते यामुळेच घटनास्थळ अखेर इकडे सरकू लागले आहे. दर महिन्याला नवे कथानक उभे करणाऱ्याला शेजारच्या गावात जाऊन चौकशी करायला सवड कुठून मिळणार? हरिपूरची हळदीची पेवे घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखाली अरुंद तोंडाचे आणि मोठ्या पोटाचे खड्डे खणून हळद साठवत. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून ते काही वेळ उघडे ठेवतात, दिवा खाली सोडून तो विझत नाही ना हे पाहतात आणि मगच हमाल उतरतो. दिवा न सोडता कुणाला तरी आत उतरवले, एवढ्यावर एक कादंबरी उभी राहू शकते. तिच्यात पंचनाम्याला पोलीस पाटील येईल आणि १ जुलै २०२४ पासूनची घटना असेल तर फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचे खुनाचे कलम १०३ पडेल. पारावर मात्र सगळे जुन्या दंडसंहितेतले ‘तीनशे दोन’च म्हणतील, आणि लेखकाला दोन्ही लिहावे लागेल.