शाळेतला हाताचा तास : कोकणातली पार्श्वभूमी

२०२० चं नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून ‘कौशल्य’, ‘करिअर मार्गदर्शन’, ‘दप्तराविना दिवस’ हे शब्द कोकणातल्या केंद्रशाळांच्या परिपत्रकांतही दिसू लागले. परिपत्रकाचा सूर असा की जणू हे सगळं पहिल्यांदाच घडतंय. शाळेने मुलाच्या हाताला काहीतरी शिकवावं, ही मागणी मराठी मुलखात १८८२ इतकी जुनी आहे. दर पिढीला ती नवं नाव घेऊन आली आणि कोकणपट्टीत बहुतेक वेळा एकाच जागी अडली. इथल्या आईबापांना शाळा हवी होती ती गावाबाहेर पडण्यासाठी.

१८८२ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत काय असावं हे नेमकं सांगितलं होतं : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य आणि नीतीचे चार धडे. त्याच आयोगाने हायस्कुलात दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी, दुसरी व्यापार आणि व्यवहाराकडे. दुसऱ्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही. कचेऱ्यांना कारकून हवे होते आणि कारकुनी पहिल्या वाटेने मिळत होती.

कोकणात या ओढीला जोडीला पोटाचं कारण होतं. जमीन थोडी, तीही डोंगरउताराची आणि बरीचशी खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, हाती. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. बोटीने मुंबई गाठायची, गिरणीत, पोलिसांत किंवा कुणाच्या घरी कामाला लागायचं आणि महिन्याची मनिऑर्डर गावी पाठवायची, हा कित्येक वाड्यांचा अर्थव्यवहार होता. ज्याला चार इयत्ता जास्त शिकता आलं, त्याच्यासाठी व्हर्नाक्युलर फायनल होती. ती सातवी पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची, कुणी तलाठी व्हायचा, कुणी पोस्टात चिकटायचा. पाठीवर दप्तर आलं म्हणजे खांद्यावरचं जू उतरलं, असा हिशेब होता. त्या मुलाला शाळेत पुन्हा नांगर दाखवायचा, तर घरचे विचारणारच : मग शाळेत कशाला घातला?

तरीही सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो १९३७ नंतर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलेल्या ‘नई तालीम’चा आराखडा डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तयार केला. एखादा उद्योग मध्यभागी ठेवायचा आणि गणित, भाषा, भूगोल त्याच्याभोवती शिकवायचे, ही त्यातली मूळ कल्पना. मुंबई प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या सरकारने ही योजना उचलली, आणि १९४६ नंतरच्या दुसऱ्या कारकिर्दीत ती जोमाने पसरवली. शाळेत मूलोद्योगाचा, म्हणजे या मध्यवर्ती उद्योगाचा, तास आला, सूत कातायची टकळी आली, पिंजलेल्या कापसाचे पेळू आले. ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशा पाट्या कित्येक जिल्हा परिषद शाळांवर अजून आहेत, त्या याच काळाची आठवण आहेत.

योजनेत शेती होती, लाकूडकाम-पुठ्ठाकाम होतं. पण सर्वाधिक चालली ती सूतकताई, कारण ती सर्वांत सोपी आणि स्वस्त होती. आता कोकणात कापूस पिकत नाही. इथे नारळाच्या सोडणाचा काथ्या होतो, सुंभ वळला जातो, जाळी विणली जातात, सावंतवाडीत लाकडी खेळणी घडतात, पेणमध्ये गणपती होतात, विजयदुर्गाकडे शिंगकामाची जुनी परंपरा आहे. हे सगळं शाळेच्या कुंपणाबाहेर राहिलं आणि आत घाटावरून आलेल्या कापसाचं सूत निघत राहिलं, तेही अनेकदा साहेब तपासणीला येणार असले की. उद्योगातून गणित शिकवायचं तर मास्तराला उद्योग मुलांपेक्षा जास्त यायला हवा. काथ्याचा सुंभ मुलाच्या आजीला मास्तरांपेक्षा चांगला वळता येत होता, पण तिला शाळेत बोलवायची सोय कुठल्याच योजनेत नव्हती.

दुसरी अडचण जातीची. ती सहसा बोलली जात नाही, म्हणून इथे जरा थांबतो. चामडं कमावणं, मासे मारणं, बुरुडकाम, कुंभारकाम ही कामं पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या माथी मारली होती, त्यांना शाळेतला उद्योग म्हणजे सुटकेच्या दारातून परत आत ढकलणं वाटलं तर नवल नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरच्या धंद्यात, अशी योजना आणली. ती जातीचा धंदा पक्का करणारी आहे म्हणून इतका विरोध झाला की पुढच्या वर्षी तिथल्या नव्या सरकारने ती मागे घेतली. कोकणात असं आंदोलन झालं नाही. लोकांनी नुसतं दुर्लक्ष केलं.

ही गाठ थेट सोडवायला गेलेला माणूस कोकणातच होता. गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपास धरला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपास केला. पुढे १९४८ साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला. तिथे मेलेली जनावरं सोलणं, चामडं कमावणं, सोनखत करणं ही कामं सवर्ण कार्यकर्ते स्वतः करत. मैल्याचं खत करणाऱ्या ‘गोपुरी संडास’चं नाव कोकणाबाहेरही पोचलं. गोपुरी ही शाळा नव्हती, पण शाळेतल्या मूलोद्योगाला जे कधी जमलं नाही ते तिथे दिसलं : काम खरं होतं आणि ते कुणी करायचं हे जातीवर ठरत नव्हतं.

उत्तर टोकाला, आजच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, खडे, शिंपले, पानं यांवर वारली मुलांची मोजणी आणि रंगओळख सुरू झाली. बकऱ्या राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच रानात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हणू लागले. पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडीही इथलीच. ‘जीवनकौशल्य’ हा शब्द कुणी उच्चारण्याआधीची ही गोष्ट आहे. माझ्या मते कोकणाने महाराष्ट्राच्या शिक्षणाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी, आणि शिक्षणावरच्या चर्चासत्रांत तिला मिळते ती एखादी ओळ.

पुढचा टप्पा केंद्राने नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगाचा. १९६६ च्या अहवालाने ‘कार्यानुभव’ सुचवला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटलं. महाराष्ट्रात शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास पक्का झाला आणि त्याची कागदी फुलं, खडू, शुभेच्छापत्रं झाली. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला जायचा. त्याला श्रेणी होती, गुण नव्हते, आणि ज्याला गुण नाहीत त्याला पालक विचारत नाहीत.

गुण मिळाले तेव्हा काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आल्यावर सत्तरच्या दशकाच्या शेवटी अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम (नेहमीच्या विषयांसोबत एक व्यवसाय विषय) आले आणि १९८८ च्या सुमारास किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम. त्यांत मत्स्यप्रक्रिया होती, पीकशास्त्र होतं, विद्युत देखभाल होती. किनाऱ्याला यापेक्षा जवळचे विषय कोणते? १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकचे दहा टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. ते गाठलं गेलं नाही. विज्ञान शाखेची हुशार मुलं द्विलक्षीकडे आली, पण बरीचशी त्या विषयाच्या दोनशे गुणांत चांगले गुण पडतात म्हणून. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की मासळीशी संबंध जेवणापुरता.

खरं शिक्षण समांतर चालू होतं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती दिल्या, १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. कलमं बांधायला शेकडो हात लागले आणि ते शिकले रोपवाटिकेत, शाळेत नव्हे. त्याआधी १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाने गिरण्यांचा आधार मोडला होता आणि गावी परतलेल्यांना मुंबईच्या नोकरीपलीकडे काही शिकवलेलं नव्हतं.

शाळेच्या आत बदल आला तो पुणे जिल्ह्यातल्या पाबळहून. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, घर-आरोग्य यांत घालवायचा आणि गावाला लागणाऱ्या वस्तू-सेवा पैसे घेऊन द्यायच्या, असा तो ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ अभ्यासक्रम. दापोली तालुक्यात, लोकमान्य टिळकांच्या मूळ गावी चिखलगावात, डॉ. राजा आणि रेणू दांडेकर यांनी ऐंशीच्या दशकात उभ्या केलेल्या शाळेतही हातकाम अभ्यासाच्या बरोबरीने आलं. गिऱ्हाईक खरं असलं की दाराची चौकट तिरकी चालत नाही; कागदी फुलाला तो धाक नव्हता.

नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं मांडली : स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय, ताण सांभाळणं वगैरे. त्यांचं शाळेत तक्ता लावण्यापलीकडे फारसं झालं नाही. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या प्रत्येक मुलाची कल चाचणी झाली, कृषी ते गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत. कल कळला, पण त्या क्षेत्राचं कॉलेज तालुक्यात आहे का, हे चाचणी सांगत नव्हती.

२०१२ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी वेगळं कोकण विभागीय परीक्षा मंडळ आहे आणि दहावी-बारावीच्या निकालात ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०११ च्या जनगणनेत याच दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. शाळा पास करते आणि एसटी घेऊन जाते.

२०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीत दहा दप्तराविना दिवस सुचवले आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय द्यायचं ठरवलं. त्या दहा दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्याच कारागिरांकडे मुलांनी शिकावं, असं धोरणात लिहिलेलं आहे. सुंभ वळणाऱ्या आजीला शाळेचं दार पहिल्यांदा कागदावर उघडलं ते इथे. नेमणुकीचा नियम मात्र जुनाच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तरच शाळेला कार्यशिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो. कोकणातल्या वाडीवरच्या शाळेत पहिलीपासून सगळ्या वर्गांची मुलं एकत्र मोजली तरी आकडा कित्येकदा विसाच्या पुढे जात नाही.