नकाशाचे पैसे की घराचे? आर्किटेक्टच्या फीची पार्श्वभूमी

घर बांधायला काढलेला माणूस पहिल्या-दुसऱ्या भेटीतच आर्किटेक्टला विचारतो, "तुमची फी किती?" उत्तर बहुतेकदा टक्क्यांत येतं: बांधकामाच्या खर्चाच्या अमुक टक्के. ते ऐकताना घरमालकाच्या मनात एक शंका येते, जी सहसा ओठांवर येत नाही. खर्च वाढला की यांची फी वाढणार, मग हे खर्च आटोक्यात कशाला ठेवतील? शंका रास्त आहे. नवी मात्र अजिबात नाही, उलट टक्केवारीहूनही ती जुनी आहे.

इफिसस या ग्रीक शहरातला एक जुना कायदा रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने नोंदवून ठेवला आहे. सार्वजनिक बांधकाम अंगावर घेणाऱ्याने आधी खर्चाचा अंदाज द्यायचा, आणि काम पुरं होईपर्यंत त्याची मालमत्ता अधिकाऱ्यांकडे अडकून राहायची. अंदाजाबरहुकूम काम झालं तर त्याचा सन्मान व्हायचा. खर्च एक चतुर्थांशापर्यंत वाढला तर वरचे पैसे सरकारी तिजोरीतून, आणि त्याहूनही पुढे गेला तर पुढची रक्कम वास्तुकाराच्या मालमत्तेतून वसूल! हा कायदा रोममध्येही, सार्वजनिकच नव्हे तर खाजगी इमारतींनाही लागू हवा होता, असं व्हिट्रुव्हियस लिहितो. स्वतः त्याच धंद्यातल्या माणसाने हे लिहावं, यावरून आजूबाजूला काय चाललं असेल याचा अंदाज येतो.

पुढे कित्येक शतकं युरोपात टक्केवारीचा प्रश्नच आला नाही, कारण नकाशा ही वेगळी विकायची वस्तू नव्हती. आराखडा काढणारा हा मुख्य गवंडी असायचा आणि त्याला रोजंदारी मिळायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्समधले किल्ले बांधणाऱ्या जेम्स ऑफ सेंट जॉर्जला 1284 मध्ये दिवसाला 3 शिलिंग तहहयात बांधून दिले. साध्या गवंड्याच्या मजुरीच्या कितीतरी पट, पण शेवटी रोजंदारीच. चारशे वर्षांनी लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारताना क्रिस्तोफर रेनला वर्षाला 200 पौंड पगार होता. काम रेंगाळतंय म्हणून 1697 मध्ये संसदेने त्यातला अर्धा पगार, काम पुरं होईपर्यंत, रोखून धरला. ती थकबाकी हातात पडायला 1711 साल उजाडलं. आजच्या करारात शेवटचा हप्ता काम संपेपर्यंत राखून ठेवतात. ही युक्ती किती जुनी आहे ते यावरून कळावं.

अठराव्या शतकात कामाची विभागणी बदलली. बांधणारा कंत्राटदार एकीकडे, आराखडा काढून देखरेख करणारा दुसरीकडे. आर्किटेक्टने मालकाच्या बाजूने उभं राहायचं, कारागिरांची मोजमापं आणि बिलं तपासायची, मालकाला फसू द्यायचं नाही, ही भूमिका तेव्हा पक्की होत गेली. मग या मधल्या माणसाला पैसे कशाच्या हिशेबाने द्यायचे? तास मोजायची पद्धत नव्हती, आणि डोक्यात काय शिजतंय ते मालकाला दिसत नव्हतं. दोघांनाही कागदावर पडताळता येईल असा एकच आकडा होता, तो म्हणजे कारागिरांच्या तपासलेल्या बिलांची बेरीज. त्या बेरजेवर 5 टक्के, असा इंग्लंडमध्ये रिवाज पडला. तो कुणी शास्त्र लावून काढला नव्हता. सोयीचा होता म्हणून टिकला.

फ्रान्सने तर त्याची फोडही करून ठेवली. सरकारी इमारतींचं काम पाहणाऱ्या मंडळाने 1800 साली मत दिलं की आर्किटेक्टला एकूण 5 टक्के द्यावेत: दीड टक्का नकाशे आणि अंदाजपत्रकाचा, दीड टक्का कामावरच्या देखरेखीचा आणि 2 टक्के बिलं तपासून हिशेब मिटवण्याचे. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा रेखाटनाचा नाही, हिशेबाचा! 'चार रेघा मारायचे एवढे पैसे?' असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं, आणि चार रेघा मारून साइटकडे न फिरकणाऱ्यांनी दोनदा.

1834 मध्ये लंडनला ब्रिटिश आर्किटेक्टांची संस्था उभी राहिली. पुढे तीच रॉयल इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. बांधकामाच्या धंद्यात सदस्यांचा हितसंबंध नसावा आणि कारागिरांकडून त्यांनी दलाली घेऊ नये, यावर तिचा सुरुवातीपासून कटाक्ष होता. वरकमाईची वाट अशी बंद झाल्यावर उघड टक्केवारीला प्रतिष्ठा आली. 1862 मध्ये संस्थेने शुल्काचं पत्रक काढलं, तेही 5 टक्क्यांचंच.

याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये एका घरावरून खटला उभा राहिला. रिचर्ड मॉरिस हंट हा पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत शिकून आलेला तरुण आर्किटेक्ट. पार्मली नावाच्या श्रीमंत दंतवैद्याने आपली मुलगी आणि चित्रकार जावई यांच्यासाठी घर बांधायला काढलं, त्याचं काम हंटकडे होतं. घर झालं आणि फीवरून बिनसलं. 5 टक्क्यांचा करार लेखी नव्हता, आणि आराखड्यात जावयाचाही हात होता. 5 टक्के हा आमचा रिवाजच आहे, असं हंटच्या बाजूने इतर आर्किटेक्टांनी न्यायालयात सांगितलं. 1861 मध्ये ज्युरीने हंटच्या बाजूने कौल दिला, पण दिले अडीचच टक्के. तरीही धंद्याने हा आपला विजय मानला, आणि ते बरोबरच होतं: नकाशा आणि देखरेख या कामाला स्वतंत्र मोल आहे, हे न्यायालयात मान्य झालं होतं. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने 1866 मध्ये 5 टक्क्यांचं पत्रक काढलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते 6 वर नेलं.

घरांच्या बाबतीत मात्र ही सरसकट टक्केवारी कधीच नीट बसली नाही. दोनशे सदनिकांच्या इमारतीत न्हाणीघराचा तपशील एकदा काढला की तोच दोनशे वेळा बांधला जातो. एकट्या घरात जिना एक, स्वयंपाकघर एक, आणि प्रत्येकाची पायरी, कठडा, ओटा, नळाची उंची वेगळी काढावी लागते. शिवाय मालक एक नसतो. नवरा, बायको, आई-वडील अशी अख्खी समिती असते, आणि तिचं मत आठवड्याला बदलतं. जुन्या घराची दुरुस्ती असेल तर आधी आहे ते घर फूटपट्टी लावून मोजावं लागतं, तेव्हा कळतं की एकही कोपरा काटकोनात नाही. त्यामुळे छोट्या घराची टक्केवारी मोठ्या इमारतीपेक्षा जास्त लागते. ऐकणाऱ्याला ती लूट वाटते, करणाऱ्याला तरीही परवडत नाही.

जर्मनीने यावर बारकाईने विचार केला. 1977 पासून लागू झालेल्या तिथल्या शुल्क-नियमावलीत कामाच्या अवघडपणाच्या पाच पायऱ्या आणि कामाचे नऊ टप्पे आहेत. खर्चाचा आकडा वाढत जातो तसा त्यावरचा टक्का उतरत जातो. टप्प्यांची वाटणी तर वाचण्यासारखी आहे. 2013 च्या आवृत्तीप्रमाणे इमारतीच्या फीतले 15 टक्के पक्क्या आराखड्याला, 25 टक्के बांधकामाच्या बारीक नकाशांना आणि 32 टक्के साइटवरच्या देखरेखीला. मंजुरीसाठी दाखल करायचे नकाशे? 3 टक्के. मालकाला वाटतं मंजुरीचा नकाशा म्हणजेच आर्किटेक्टचं काम.

ठरलेल्या दरांचा काळ पुढे ओसरत गेला. सगळ्यांनी एकाच दराने फी घ्यायची म्हणजे ग्राहकाला पर्यायच ठेवायचा नाही, हा आक्षेप. अमेरिकेत न्याय विभागाच्या दाव्यानंतर 1972 मध्ये तिथल्या संस्थेला फीच्या स्पर्धेवरची बंदी सोडावी लागली. ब्रिटनमध्ये 1977 च्या मक्तेदारी आयोगाच्या अहवालाने सक्तीच्या दरांवर बोट ठेवलं, आणि 1982 पासून ते नुसते शिफारशीपुरते उरले. युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये जर्मनीच्या सक्तीच्या किमान-कमाल मर्यादाही युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवल्या. त्यानंतर 2021 पासून तिथे हे तक्ते फक्त मार्गदर्शक राहिले. आज एकरकमी, तासावर, क्षेत्रफळावर, किंवा सुरुवातीला तासावर आणि आराखडा पक्का झाल्यावर टक्क्यांवर, असे सगळे प्रकार चालतात. बरेचदा एकाच करारात दोन-तीन एकत्र असतात.

आणि ती पहिली शंका? तिचं मला पटलेलं उत्तर जर्मन नियमावलीच्या 2009 च्या दुरुस्तीत आहे. तिने फी प्रत्यक्ष खर्चापासून सोडवली आणि आराखडा पक्का होतानाच्या खर्चाच्या हिशेबाला बांधली. पुढे साइटवर सिमेंट महागलं, कंत्राटदाराने बिल फुगवलं, तरी आर्किटेक्टची फी जागची हलत नाही. मालकाने मध्येच आणखी एक खोली काढायची ठरवली, तर मात्र दोघांनी पुन्हा बसून नवा हिशेब मांडायचा.