टोटल काउंट नॉर्मल, मग डॉक्टर कसला विचार करतायत?

श्रावण लागला की सावंतवाडी-कुडाळपासून चिपळूण-महाडपर्यंत लॅबच्या बाकड्यांवर तापाने फणफणलेली माणसं बसलेली दिसतात. कोकणातला पावसाळी ताप ओळखणं सोपं नाही. लावणीच्या चिखलात उभा राहिलेला माणूस असेल तर लेप्टोची शंका, परसात करवंट्यांत पाणी साचलं असेल तर डेंग्यूची, शिवाय मलेरिया आहेच. आणि याच दिवसांत फ्लू. आपल्या देशात फ्लू वर्षातून साधारण दोनदा डोकं वर काढतो, एकदा थंडी सरताना आणि एकदा पावसाळ्यात. गणपतीला मुंबईहून खच्चून भरून येणाऱ्या गाड्या नेमक्या या दुसऱ्या वेळेला येतात. म्हणून रक्त तपासलं जातं आणि रिपोर्ट हातात पडताच घरचे विचारतात, "काउंट किती इलो?"

टोटल काउंट म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तात सापडलेल्या पांढऱ्या पेशी. मोठ्या माणसात 4,000 ते 11,000 हे नॉर्मल. लेप्टोसारख्या जिवाणूच्या आजारात हा आकडा बऱ्याचदा चढतो, डेंग्यूत उतरतो. फ्लू, कोविड अशा श्वसनमार्गाच्या विषाणूंत मात्र तो बहुधा हद्दीतच राहतो किंवा जरासा खाली येतो. घरच्यांना हायसं वाटतं. डॉक्टर मात्र त्याखालच्या, पांढऱ्या पेशींचे प्रकार सांगणाऱ्या ओळी वाचत असतात.

समजा, दोन रुग्ण आहेत, दोघांचाही टोटल काउंट 6,000. पहिल्याच्या रिपोर्टवर पॉलिमॉर्फ, म्हणजे न्यूट्रोफिल, 60 टक्के आणि लिम्फोसाइट 32 टक्के. दुसऱ्याचे 84 आणि 12. टक्क्यांवर न थांबता गुणाकार करून पाहा. पहिल्याच्या रक्तात दर घन मिलिमीटरला 1,920 लिम्फोसाइट आहेत, दुसऱ्याच्या फक्त 720. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं तर पहिल्याचं गुणोत्तर दोनच्या आत येतं, दुसऱ्याचं थेट सात. निरोगी माणसात ते साधारण एक ते तीनच्या दरम्यान असतं. टोटल काउंट तोच, पण दुसऱ्या रुग्णाकडे जास्त लक्ष ठेवावं लागणार.

लिम्फोसाइट म्हणजे विषाणूशी नेमकेपणाने लढणाऱ्या पेशी. टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना हुडकून मारतात, बी पेशींपासून प्रतिपिंडं तयार होतात. विषाणू आल्यावर खरं तर त्या वाढायला हव्यात, मग रक्तात कमी का होतात? एक कारण असं, की रक्त हे त्यांचं राहण्याचं ठिकाण नाहीच. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के कुठल्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या लसिका गाठी, प्लीहा, आतडी आणि अस्थिमज्जेत. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभं राहून समोरून जाणाऱ्या होड्या मोजल्या, तर रत्नागिरीत होड्या किती हे कळत नाही, त्या घडीला ये-जा करणाऱ्या किती एवढंच कळतं. रक्ताच्या तपासणीचंही तसंच. विषाणू फुप्फुसात पोचला की अनेक लिम्फोसाइट रक्त सोडून तिकडे धाव घेतात, आणि आकडा पडतो. ही पडझड तात्पुरती असते, साध्या फ्लूत काही दिवसांत भरूनही निघते.

आजार गंभीर असेल तर दुसरंही काही घडतं. दाहाची रसायनं रक्तात उसळतात, शरीराच्या ताणामुळे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं आणि लिम्फोसाइट मोठ्या संख्येने मरू लागतात. नव्या तयार होण्याचा वेगही मंदावतो. कोविडच्या सुरुवातीला चीनमधल्या 1,099 रुग्णांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दाखल होतानाच 83.2 टक्के रुग्णांचे लिम्फोसाइट 1,500 च्या खाली होते, आणि गंभीर रुग्णांत हे प्रमाण 96 टक्क्यांवर होतं. हे आकडे नीट वाचायला हवेत. जवळपास सगळ्याच गंभीर रुग्णांचे लिम्फोसाइट कमी होते हे खरं, पण लिम्फोसाइट कमी असलेले बरेच जण गंभीर नव्हते हेही तितकंच खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या काळात फिरलेल्या रिपोर्टांच्या फोटोंनी हा फरक पार पुसून टाकला होता.

आता न्यूट्रोफिल. या पेशींचं रक्तातलं आयुष्य तासांत मोजायचं, आणि शरीर त्या रोज अब्जावधींनी तयार करतं. जिवाणू गिळणं हे त्यांचं मुख्य काम. 2004 साली बर्लिनमधल्या संशोधकांनी त्यांची आणखी एक रीत दाखवली: न्यूट्रोफिल आपल्याच डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि त्या जाळीत जंतू अडकवतात. ही जाळी फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत फार झाली, तर गुठळ्या होतात आणि नाजूक अस्तर जखमी होतं. त्यामुळे न्यूट्रोफिल चढलेले आणि लिम्फोसाइट पडलेले, असं चित्र अनेक अभ्यासांत वाईट परिणामांशी जोडलेलं दिसतं. मात्र धोका नेमक्या कुठल्या गुणोत्तरापासून धरायचा, यावर प्रत्येक अभ्यासाची रेषा वेगळी. म्हणून एखाद्या दिवशीच्या आकड्यापेक्षा दोन दिवसांनी तो कुठे सरकला हे मला जास्त बोलकं वाटतं.

या सरकण्यामागे कधी कधी दुसराच चोर असतो. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरात फ्लू उतरला, तेव्हा तिथल्या गिरण्या आणि गोद्या कोकणातल्या माणसांनी भरलेल्या होत्या. त्या साथीने देशभरात कोट्यवधी... बळींचा नेमका आकडा अजून वादात आहे, पण सव्वा कोटीच्या खाली तो फारसं कुणी धरत नाही. त्या काळी जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा अमेरिकेत पुन्हा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. बहुतेक मृत्यूंत विषाणूपाठोपाठ शिरलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया होता. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढलं की जिवाणूंना रान मोकळं मिळतं. म्हणून फ्लूचा ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं, आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा बेडका आणि 5,000 वरून 16,000 वर उडालेला काउंट असेल, तर डॉक्टर तातडीने एक्स-रे काढायला सांगतात. अँटिबायोटिकची गरज अशा वेळी असते. पहिल्याच दिवशी, काउंट 4,500 असताना, दुकानातून आणून घेतलेल्या गोळीचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही.

पण चढलेला काउंट दरवेळी जिवाणूचाच असतो असंही नाही. स्टेरॉइड दिलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, आणि लिम्फोसाइट व इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) घटतात. एका दिवसात रिपोर्ट उलटापालटा दिसतो आणि नातेवाईक घाबरतात. म्हणून औषध कधी सुरू केलं, हे माहीत असल्याशिवाय तो रिपोर्ट वाचता येत नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीत 2020 साली दिसलं, की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. औषध कुणाला द्यायचं हे तिथे ऑक्सिजनच्या गरजेवरून ठरलं, काउंटवरून नाही.

इओसिनोफिलचा एक छोटा तपशील सांगण्यासारखा आहे. कोविडच्या ऐन भरात ते बऱ्याच जणांत शून्याजवळ जातात आणि रुग्ण सावरू लागला की परत दिसू लागतात. उलट महिनाभर रेंगाळणारा कोरडा खोकला आणि भरमसाट वाढलेले इओसिनोफिल असतील, तर शोध विषाणूकडून दमा, जंत किंवा हत्तीरोगाच्या परजीवींकडे वळवावा लागतो.

लहान मुलांचे रिपोर्ट मोठ्यांच्या मापाने वाचू नयेत. चार-पाच वर्षांपर्यंत त्यांच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात, आणि ते नॉर्मलच असतं. म्हाताऱ्या माणसांत उलट अडचण, जंतुसंसर्ग जोरात असूनही काउंट कधी कधी हलतच नाही. तिथे श्वासाचा वेग, बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजन 94 च्या खाली जातोय का, जेवणखाण सुटलंय का, माणूस असंबद्ध बोलतोय का, साखर किती आहे, हे आधी पाहावं लागतं.

गावातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायची वेळ आलीच, तर शेवटच्या रिपोर्टसोबत तापाच्या पहिल्या दिवसाचा रिपोर्ट आणि सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाका. काउंट कुठून कुठे गेला आणि मधे कुठलं औषध पोटात गेलं, हे तिथल्या डॉक्टरांना त्याशिवाय कळायला मार्ग नसतो.