नेटिव्ह लायब्ररी व फंक्शनांचे नामकरण (इंटरप्रीटरमधील)

पायथन, लुआ, टीसीएल अशा भाषांचे इंटरप्रीटर (कोड वाचून तो लगेच चालवणारी साधने) प्रोग्रॅम चालू असतानाच सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहून आधीच कंपाइल केलेली (मशीन कोडमध्ये बदललेली) लायब्ररी मेमरीत घेतात आणि तिच्यातील फंक्शने भाषेच्या स्वतःच्या फंक्शनांसारखी वापरू देतात. या लायब्ररीतला मशीन कोड थेट प्रोसेसरवर चालतो, म्हणून तिला नेटिव्ह लायब्ररी म्हणतात. फाइल कोठे शोधायची, ती उघडल्यावर कोणत्या नावाचे फंक्शन आधी हाक मारून उठवायचे आणि लायब्ररी कधी सोडायची, याचे नियम प्रत्येक इंटरप्रीटरने ठरवलेले असतात. (कोडमधील रोमन नावे या नोंदीत देवनागरीत लिहिली आहेत.)

कंपाइल झालेल्या फाइलमध्ये लेखकाच्या टिपा उरत नाहीत. उरते ती बाहेरच्यांसाठी खुल्या ठेवलेल्या नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे एक पत्ता. सी भाषेच्या बाबतीत फंक्शनला किती आर्ग्युमेंट (त्याला पुरवायच्या किमती) लागतात, ते काय परत देते, याचीही या यादीत नोंद नसते. इंटरप्रीटर लिनक्सवर ‘डीएलओपन’ने फाइल उघडतो व ‘डीएलसिम’ला नाव देऊन पत्ता मिळवतो, विंडोजवर हेच काम ‘लोडलायब्ररी’ आणि ‘गेटप्रोकॲड्रेस’ करतात. नाव जुळले पण आतले फंक्शन वेगळ्याच घडणीचे निघाले, तर अडवणारे कोणी नसते. प्रोग्रॅम सरळ कोसळतो. दोन्ही बाजूंमधला करार नावावरच उभा असल्यामुळे नामकरणाचे नियम काटेकोर ठेवावे लागतात.

पायथनमध्ये हे स्पष्ट दिसते. पायथन २ मध्ये ‘स्पॅम’ नावाच्या मॉड्यूलच्या (‘इम्पोर्ट’ने प्रोग्रॅममध्ये आणायच्या कोडच्या गठ्ठ्याच्या) लायब्ररीत ‘इनिटस्पॅम’ हे फंक्शन असावे लागे आणि ते काहीच परत देत नसे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत ते मॉड्यूलचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देऊ लागले आणि त्याचे नावही ‘पायइनिट_स्पॅम’ झाले. नाव जुनेच राहिले असते, तर पायथन २ साठीची लायब्ररी नव्या इंटरप्रीटरने आनंदाने उघडली असती आणि काहीच परत न देणाऱ्या फंक्शनकडून आलेला कचरा पॉइंटर म्हणून वापरला असता. आता फंक्शन सापडत नाही आणि इंटरप्रीटर तसा संदेश देऊन थांबतो. नव्याने शिकणाऱ्यांना हाच संदेश दुसऱ्या एका कारणाने भेटतो: तयार झालेल्या फाइलचे नाव हाताने बदलले, तरी आतल्या फंक्शनचे नाव जुनेच राहते. सी प्लस प्लसमध्ये आणखी एक खाच आहे. त्या भाषेचा कंपायलर आर्ग्युमेंटांचे प्रकार नावात गुंफतो; लिनक्सवर दोन पूर्णांक घेणाऱ्या ‘ॲड’चे ‘_झेड३ॲडआयआय’ होते. म्हणून इंटरप्रीटरला हवे ते नाव तसेच राहावे यासाठी असे फंक्शन ‘एक्स्टर्न सी’ म्हणून जाहीर करावे लागते.

इंटरप्रीटरच्या स्वतःच्या फंक्शनांनाही नावांचा प्रश्न चुकलेला नाही. सी भाषेत नावांना वेगवेगळी घरे नाहीत, सगळी एकाच अंगणात असतात. दुसऱ्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात पायथन बसवायचा, तर नावांची टक्कर ठरलेली. त्यामुळे १९९० च्या दशकात पायथनच्या सी फंक्शनांचे सरसकट बारसे झाले, जे ‘ग्रँड रीनेमिंग’ म्हणून ओळखले जाते. ‘न्यूइंटऑब्जेक्ट’चे ‘पायइंट_फ्रॉमलाँग’ झाले ते तेव्हाच. ‘पाय’ हा उपसर्ग तेव्हापासून टिकून आहे.

इतर भाषांनी वेगळे मार्ग धरले. ‘ए.बी’ (म्हणजे ‘ए’च्या आतील ‘बी’) या मॉड्यूलसाठी पायथन फक्त शेवटचा तुकडा घेतो (‘पायइनिट_बी’), तर ब्राझीलमध्ये जन्मलेली लुआ पूर्ण वाट नावात आणते (‘लुआओपन_ए_बी’). लुआ ५.१ मध्ये नावात संयोगचिन्ह आले, तर पहिल्या चिन्हापर्यंतचा भाग गाळला जाई, ५.३ च्या नियमपुस्तिकेत उलट, चिन्हापासून पुढचा भाग गाळायचा असे ठरले. जुन्या लायब्ररी बंद पडू नयेत म्हणून इंटरप्रीटर नव्या रीतीचे फंक्शन न सापडल्यास जुन्या रीतीने पुन्हा शोधतो. इतकी काळजी क्वचितच दिसते. टीसीएल तर फाइलच्या नावावरूनच अंदाज बांधते: सुरुवातीचा ‘लिब’ आणि शेवटचे आकडे वगळून जे उरते त्याला ‘_इनिट’ जोडते.

हे सगळे रोमन नावांपुरते झाले. पायथन ३ मध्ये चलांची आणि मॉड्यूलची नावे देवनागरीतही चालतात; पण कंपाइल झालेल्या फाइलच्या यादीत देवनागरी नाव सगळीकडे चालेल याची खात्री नाही. सप्टेंबर २०१५ मधील ३.५ आवृत्तीने यावर तोडगा काढला. नावात रोमनेतर अक्षर असेल तर ‘पायइनिट_’ऐवजी ‘पायइनिटयू_’ हा उपसर्ग लागतो आणि पुढचे नाव प्यूनीकोडमध्ये (इतर लिप्यांतली नावे रोमन अक्षरे व आकड्यांत मांडण्याच्या रीतीत) लिहिले जाते. देवनागरी वेब पत्त्यांमागे हीच पद्धत आहे. ‘.भारत’ हे डोमेन यंत्रांना ‘एच२बीआरजे९सी’ या सात चिन्हांनी कळते, त्यापूर्वी फक्त ‘एक्सएन--’ लागते. त्याच न्यायाने ‘भारत’ नावाच्या नेटिव्ह मॉड्यूलचे फंक्शन ‘पायइनिटयू_एच२बीआरजे९सी’ असते, आणि पायथनच्या कोडमध्ये मात्र ‘इम्पोर्ट’पुढे ‘भारत’ एवढेच लिहायचे. मराठीत प्रोग्रॅमिंग शिकवू पाहणाऱ्यांनी ही सोय जरूर माहीत करून घ्यावी.

फाइलचे नावही अर्थपूर्ण असते. पायथन ३.२ पासून (२०११) लिनक्सवरील फाइलच्या शेपटीत इंटरप्रीटरची आवृत्ती येते, त्यामुळे ३.११ आणि ३.१२ साठीच्या प्रती एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात. विंडोजवर ३.८ पासून (२०१९) नेटिव्ह मॉड्यूलला लागणाऱ्या पूरक लायब्ररी ‘पाथ’मध्ये (यंत्रावर आधीच ठरवलेल्या फोल्डरांच्या यादीत) शोधणे बंद झाले, फोल्डर स्पष्ट सांगावा लागतो. वाटेत कोणी त्याच नावाची भलती फाइल ठेवली तर तीच उचलली जाण्याचा धोका त्यामुळे घटला. लिनक्सवर अडचण वेगळी आहे: एकाच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रॅममध्ये) एकाच अंतर्गत नावाच्या दोन लायब्ररी मागितल्या, तर लोडर (लायब्ररी मेमरीत आणणारा भाग) दुसऱ्या वेळीही आधीचीच देतो. यावर उपाय म्हणून ‘ऑडिटव्हील’ हे साधन पॅकेजमध्ये भरलेल्या प्रत्येक पूरक लायब्ररीच्या नावाला हॅशचा (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेचा) तुकडा जोडते.

लायब्ररी सोडण्याबाबत मात्र एकमत नाही. लुआ आपली स्टेट (इंटरप्रीटरची चालू असलेली प्रत) बंद होताना उघडलेल्या लायब्ररी बंद करते. जावामध्ये, ज्या क्लासलोडरने (कोड मेमरीत आणणाऱ्या घटकाने) लायब्ररी आणली तो कचऱ्यात गेला की तीही जाते. पायथनचा प्रमुख इंटरप्रीटर सीपायथन एकदा उघडलेले नेटिव्ह मॉड्यूल प्रोसेस संपेपर्यंत सोडतच नाही, कारण त्या कोडकडे बोट दाखवणारा एखादा ऑब्जेक्ट कोठेतरी जिवंत असू शकतो. म्हणूनच नेटिव्ह मॉड्यूल नव्याने कंपाइल केले की इंटरप्रीटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.