दिवसभर बसूनच होतो, मग दमलो कशाने?

आठ तास खुर्चीत. ना ओझं उचललं, ना कुठे पायपीट केली. तरी संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर अंग टाकलं की पुन्हा उठवत नाही. जेवायला काय करायचं असं कोणी विचारलं, तर ‘काहीही चालेल’ एवढंच तोंडातून निघतं. मला वाटतं, दिवसभराच्या थकव्याचं मर्म या ‘काहीही चालेल’मध्येच आहे. हातपाय ताजे असतात, पण ठरवण्याची ताकद दमलेली असते.

मेंदूचं इंधन संपतं म्हणून असं होतं, हा समज बराच पसरलेला आहे. तो पटण्यासारखाही आहे, कारण मेंदू खरोखरच खादाड अवयव आहे. त्याचं वजन जेमतेम १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के. पण निवांत बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतला २० टक्क्यांच्या आसपास वाटा तो एकटाच घेतो. मात्र हा खर्च रात्रंदिवस चालूच असतो. डोकं लावून अवघड काम करताना तो फार तर काही टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे ‘टाकी रिकामी झाली’ हे स्पष्टीकरण पुरेसं पडत नाही.

पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये वेगळा धागा पुढे आणला. त्यांनी स्वयंसेवकांना सहा तासांहून जास्त वेळ पडद्यापुढे बसवून अक्षरं लक्षात ठेवायचं, नियम बदलला की उत्तर बदलायचं, असलं काम दिलं. एका गटाचं काम सोपं होतं, दुसऱ्याचं अवघड. मधूनमधून एमआरआय यंत्राच्या साहाय्याने मेंदूतली रसायनं मोजली. अवघड काम करणाऱ्यांच्या मेंदूत, कपाळाच्या मागे आणि थोडं बाजूला असलेल्या भागात, ग्लुटामेट वाढलेलं आढळलं. ग्लुटामेट म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन. निरोप देऊन झाला की ते तिथून हलवावं लागतं. साचून राहिलं तर पेशींना त्रासदायक ठरतं. संशोधकांचा अंदाज असा, की साठा वाढला की तो भाग वापरणं मेंदूला महाग पडू लागतं आणि मेंदू त्या भागाचा वापर आवरता घेतो. हे अजून गृहीतकच आहे. पण त्याच प्रयोगात ‘आत्ता थोडे पैसे हवेत की थांबून जास्त?’ असंही विचारलं होतं, आणि दिवस सरत गेला तसा अवघड कामाचा गट ‘आत्ताच द्या’कडे जास्त झुकला. संध्याकाळच्या आपल्या वागण्याशी हे किती जुळतं!

कपाळामागचा हा भाग आपला लगाम आहे. मोह आवरणं, लक्ष हवं तिथे धरून ठेवणं, दोन पर्यायांतून एक निवडणं ही त्याची कामं. दिवसभराच्या ईमेल, बैठका, हिशेब आणि तोंडावर आलेले पण गिळलेले शब्द, सगळ्यांचा भार त्याच्यावरच पडतो. अशा वेळी समोर टीव्ही लावला की काय होतं? कुठे बघायचं हे कॅमेरा ठरवतो. कोणत्या क्षणी दचकायचं हे संगीत सांगतं. लक्ष आपलंच, पण लगाम दुसऱ्याच्या हातात.

हे मेंदूच्या प्रतिमांमध्येही दिसतं. चेताशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लोकांना एकेकटं स्कॅनरमध्ये झोपवून तीच चित्रफीत दाखवली आणि त्यांच्या मेंदूतल्या हालचाली ताडून पाहिल्या. बांधीव, घट्ट संकलनाचा थरारपट पाहताना मेंदूच्या बाह्यस्तराचा जवळजवळ ६५ टक्के भाग सगळ्यांमध्ये एका तालात चालत होता. बागेतल्या एका कार्यक्रमाचं कुठलंही संकलन न केलेलं चित्रण दाखवलं तेव्हा हा आकडा ५ टक्क्यांच्या आसपास उतरला. चांगली बांधलेली गोष्ट अनोळखी माणसांचे मेंदूही एका लयीत आणते. म्हणून टीव्ही बघणं म्हणजे ‘काहीच न करणं’, असं मी म्हणणार नाही. मेंदू कामातच असतो, फक्त त्याला ठरवावं लागत नाही.

डोळ्यांचंही ओझं कमी होतं, आणि हे साध्या गणिताने दाखवता येतं. जवळचं बघताना डोळ्यातला सिलियरी स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग फुगीर होतं. हे किती व्हावं लागतं, ते डायॉप्टरमध्ये मोजतात: १ भागिले मीटरमधलं अंतर. अर्ध्या मीटरवरच्या संगणकाला २ डायॉप्टर लागतात, ३० सेंटिमीटरवरच्या फोनला ३.३, आणि ३ मीटरवरच्या टीव्हीला फक्त ०.३३. फोनवरून टीव्हीकडे वळलं की त्या स्नायूवरचा ताण दहापट उतरतो. दिवसभर संगणक आणि मग ‘जरा विरंगुळा’ म्हणून फोन, यात डोळ्यांच्या दृष्टीने विरंगुळा काहीच नसतो.

उजेडाचा हिशेब मात्र वेगळा आहे. ३ मीटरवरचा ५५ इंची टीव्ही आणि ३० सेंटिमीटरवरचा मोठा फोन डोळ्यापुढे साधारण तेवढीच जागा व्यापतात. दोन्हींचा झगझगाट सारखा ठेवला, तर डोळ्यात जाणारा उजेडही बऱ्यापैकी सारखाच. दृष्टिपटलातल्या काही पेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि ‘अजून दिवस आहे’ असा निरोप झोपेची वेळ ठरवणाऱ्या मेंदूतल्या घड्याळाला धाडतं. पडद्यालाच सगळा दोष देऊ नये. खोलीतला छताचा लख्ख दिवाही तोच निरोप धाडत असतो. दोन्ही मंद केलेले बरे.

तरीही टीव्ही बघून उठल्यावर पुष्कळदा ताजंतवानं का वाटत नाही? रॉबर्ट क्युबी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पेजर देऊन ठेवले होते. पेजर वाजला की त्या क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय, ते लिहायचं. टीव्हीसमोर असताना लोक निवांत होते, पण सुस्तही. टीव्ही बंद केल्यावर निवांतपणा लगेच ओसरला, सुस्ती मात्र रेंगाळली. बंद केलं की बरं वाटणं थांबतं, मग आणखी थोडं बघावंसं वाटणं साहजिक आहे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अपराधी भावना. लिओनार्ड रायनेके आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कामावरून अगदी गळून आलेले लोक पडद्यापुढे घालवलेल्या वेळाकडे ‘चालढकल’ म्हणून बघत होते, आणि त्या टोचणीमुळे त्यांना विसावा कमी मिळत होता. म्हणजे ज्यांना आरामाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच पदरी तो सर्वांत कमी. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ पक्की नाही. पण ‘वेळ वाया घालवतोय’ असं मनात घोकत पाहिलेला सिनेमा आराम देत नाही, हे अनेकांना स्वानुभवाने पटेल.

आणि काम स्वतःही घरी येतंच. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं, की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. आठवणीबद्दलचा हा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत नेहमी टिकला नाही. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवलेली गोष्ट मात्र बरीच टिकली: अर्धवट सुटलेलं काम संधी मिळताच पुन्हा हाती घेण्याची ओढ. ती शमवायला काम पुरं करावंच लागतं असं नाही. उद्या ते कधी आणि कसं करणार, हे ठरवून ठेवलं तरी डोक्यातली भुणभुण कमी होते, असं २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांत दिसलं. कामावरून निघण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात.

मालिकेचा भागही नेमका याच ओढीवर बेतलेला असतो. दार उघडतं, नायिकेचा चेहरा पालटतो आणि भाग संपतो. अर्धवट! दहा सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होणार असतो. तो थांबवायला लगाम लागतो, म्हणजे तोच कपाळामागचा भाग, जो सकाळपासून राबून बसलाय. म्हणून मी भागाच्या शेवटी थांबायचा प्रयत्न सोडून दिला आहे. भागाच्या मध्यावर, आधीच्या भागातलं कोडं सुटलेलं असतं आणि नवं अजून घट्ट झालेलं नसतं. तिथे ओढ सर्वांत सैल असते, आणि रिमोटचं बटण त्या मिनिटाला सहज दाबलं जातं.