ट्रायल म्हणजे साखरेची गोळी नव्हे

नागपुरात मेडिकल चौकातल्या औषधांच्या दुकानांपासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एक समज पक्का बसलाय: क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत, नाव घातलं की निम्म्यांना साखरेची गोळी मिळते. मेसोथेलिओमाबाबत, म्हणजे बहुतेकदा ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरबाबत, हे सरसकट खरं नाही.

‘चेकमेट ७४३’ ही ट्रायल बघा. शस्त्रक्रिया शक्य नसलेले ६०५ रुग्ण होते. एका गटाला निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना देणारी दोन नवी औषधं, दुसऱ्याला प्रचलित केमोथेरपी. बिनऔषधाचं कुणीच नव्हतं. नव्या औषधांच्या गटातले निम्मे रुग्ण १८.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. केमोच्या गटात हाच आकडा १४.१. चार महिन्यांचा फरक. या आजारात तो फार मोलाचा आहे.

काही ट्रायलमध्ये प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली ‘साखरेची गोळी’, असतो, पण तसं संमतीपत्रात आधीच सांगावं लागतं. ते मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. औषध-चाचण्यांसाठीच्या भारताच्या २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाल्यास उपचार मोफत. बाहेर पडायला कधीही मोकळीक. गुण येईलच याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही.

भंडारा-गोंदियाहून येणाऱ्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: किती खेपा, आणि प्रवासखर्च कोण देणार?